दोन गिटारी, एक संसार

खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांत पिठाची गिरणी पोहोचण्यापूर्वी पहाटेच्या अंधारात ज्वारी-बाजरीचे दळण बसे, आणि दळण मोठे असले म्हणजे दोघी जणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत. एकीने ओवी उचलावी, तिचा दम सरत आला की दुसरीने ती झेलावी, आणि दगडाची घरघर मात्र अखंड चालू राहावी, असा तो क्रम असे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांची गाणी अशाच कष्टाच्या लयीत जन्मास आली. घरोटावरच्या त्या दोघींपैकी मुख्य गाणारी कोण आणि साथीची कोण, असे कोणी विचारले असते तर त्या हसल्याच असत्या. परंतु हाच प्रश्न मैफलीत, आणि विशेषतः पतिपत्नी जोडीने मैफलीस बसली म्हणजे, निराळे रूप धारण करतो. तेथे एक नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते व दुसरे लहान. एकाकडे श्रोत्यांचे डोळे लागलेले असतात, तर दुसऱ्याच्या हाती तंबोरा असतो.

हा प्रश्न ज्या कलेत अगदी उघडावाघडा समोर येतो ती कला म्हणजे एकाच जातीच्या दोन वाद्यांचे जोडीवादन होय. गायक व तबलजी यांची कामे मुळातच वेगळी. सतार व सरोद यांचे आवाजच निराळे. पण दोघांच्याही मांडीवर एकच वाद्य असेल, दोघांच्याही तारा तेवढ्याच व तशाच जुळविलेल्या असतील, तर मानाची जागा कोणाची याचा निवाडा वाद्य करीत नाही. तो वाजविणाऱ्यांनाच करावा लागतो. युरोपात गिटारीच्या जोडीवादनाने हा निवाडा कसकसा केला, आणि एका दाम्पत्याने तो कोणत्या मोलाने केला, हे समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम वाद्याविषयी थोडेसे. येथे अभिप्रेत असलेली गिटार विजेच्या जोडीवर चालणारी नव्हे, किंवा चित्रपटगीतांच्या सुरावटींतून आपल्याकडे लोकप्रिय झालेली, आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजविण्याची हवाईयन गिटारही नव्हे. पोकळ लाकडी पोटाची, सहा तारांची, उजव्या हाताच्या बोटांनी छेडावयाची ही स्पेनमध्ये वाढलेली गिटार आहे. तिच्या तारा पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची जागा नायलॉनने घेतली. या वाद्याचा आवाज गोड खरा, पण दोन बाबतींत ते दुबळे आहे. एक तर त्याचा आवाज लहान. दुसरे असे की, तार छेडताक्षणी स्वर जन्मतो आणि त्याच क्षणापासून तो मरू लागतो. सारंगीचा गज ओढीत राहिले की स्वर जगतो, बासरीत फुंकर आहे तोवर स्वर आहे. गिटारीच्या स्वराला असे कोणतेच पोषण नाही. शिवाय एकट्या वादकाला मुख्य सुरावट, खालचा खर्ज आणि मधली स्वरसंगती ही तिन्ही कामे एकाच डाव्या हाताच्या चार बोटांनी सांभाळावी लागतात. एक बोट खर्जावर अडकले की सुरावटीस एक बोट कमी पडते.

दोन गिटारी एकत्र आल्या म्हणजे ही अडचण बरीचशी दूर होते. सहाच्या बारा तारा होतात, चार बोटांची आठ होतात. एका गिटारीवरील स्वर विरत असता दुसरीवरील पुढचा स्वर उमटतो, आणि कानाला दोहोंची मिळून एक अखंड ओळ ऐकू येते. घरोटावर दमाची जी वाटणी होत असे, तीच येथे स्वराच्या आयुष्याची होते. मात्र यासाठी दोघांचे आघात इतके तंतोतंत जुळावे लागतात की, केसाइतके अंतर पडले तरी ते उघडे पडते. दोन व्हायोलिनांच्या आरंभातील किंचित अंतर गजाच्या ओढीत झाकून जाते. छेडलेल्या तारेला असे पांघरूण नाही. म्हणूनच जोडीवादन हे दिसावयास सोपे व करावयास अतिशय अवघड असे काम समजले जाते.

आता मानाच्या जागेचा प्रश्न. या परंपरेतील एक प्रमुख रचनाकार फेर्नांदो सोर (१७७८ ते १८३९) हा मूळचा बार्सिलोनाचा. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने पॅरिसमध्ये काढली. दोन गिटारींसाठी त्याने लिहिलेल्या एका प्रसिद्ध रचनेत एका भागावर ‘शिष्य’ व दुसऱ्यावर ‘गुरू’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. गंमत अशी की, त्यात सुरावट शिष्याच्या वाट्यास आली आहे आणि गुरू खालून आधार देतो. सोरचा समकालीन व स्नेही दिओनिसिओ आगुआदो (१७८४ ते १८४९) हाही मोठा गिटारवादक. सोर बोटांच्या मांसल टोकांनी तार छेडी, आगुआदो नखांनी; या मुद्द्यावर दोघांचे एकमत नव्हते. तरीही पॅरिसमध्ये हे दोघे एकाच वास्तूत राहिले, आणि सोरने दोघांनी मिळून वाजवावयाची ‘दोन मित्र’ या नावाची रचना लिहून एका भागावर स्वतःचे व दुसऱ्यावर मित्राचे नाव घातले. म्हणजे जोडीवादनात दोन नाती फार पूर्वीच प्रस्थापित झाली होती : गुरुशिष्याचे आणि मित्रांचे. पहिल्यात पायरी असते, दुसऱ्यात बरोबरी. पतिपत्नींचे नाते यांपैकी कोणत्या घरात बसावयाचे, हे मात्र पुढच्या शतकाने ठरवावयाचे होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दिशेने पहिली ठळक जोडी दिसते ती एमिलिओ पुजोल आणि मातिल्दे क्वेर्व्हास यांची. पुजोल (१८८६ ते १९८०) हा कातालोनियातील. आधुनिक गिटारीचा जनक मानल्या गेलेल्या फ्रान्सिस्को तारेगाचा शिष्य आणि जुन्या संगीताचा साक्षेपी संशोधक. मातिल्दे ही दक्षिण स्पेनची, आंदालुसियातील लोकसंगीताच्या फ्लामेंको परंपरेत वाढलेली. एक ग्रंथांत रमणारा, दुसरी लोकपरंपरेच्या अंगणातील; तरीही दोघांनी मिळून युरोपात जोडीने मैफली केल्या. मान्वेल द फाया या स्पॅनिश रचनाकाराच्या ‘ला विदा ब्रेव्हे’ या संगीतिकेतील नृत्याचे पुजोलने दोन गिटारींसाठी केलेले रूपांतर आजही जगभर वाजविले जाते. तथापि पुजोलचे नाव संगीताच्या इतिहासात जेवढे ठसठशीत उमटले, तेवढे मातिल्देचे उमटले नाही. जोडीतील एकाची लेखणी चालत असेल तर इतिहास त्याच्याकडे झुकतो, हे येथे दिसून येते.

यानंतरची जोडी मात्र इतिहासालाही विभागता आली नाही. ईदा प्रेस्ती हिचे मूळ नाव ईवेत मोंतान्यों. तिचा जन्म ३१ मे १९२४ रोजी पॅरिसजवळच्या स्युरेन येथे झाला. वडील फ्रेंच व संगीतशिक्षक, आई सिसिलीकडील. रंगमंचावरचे प्रेस्ती हे नाव तिने आईच्या माहेरच्या आडनावावरून घेतले. १९३५ साली, वयाच्या अकराव्या वर्षात, पॅरिसमधील प्रतिष्ठित सभागृहात तिचे वादन झाले. पुढील दोन-तीन वर्षांत तिच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या ऐकणाऱ्यास ही बोटे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची आहेत यावर विश्वास ठेवणे आजही कठीण जाते. १९४८ साली होआकीन रोद्रिगो याच्या गिटार व वाद्यवृंद यांसाठी लिहिलेल्या ‘आरांहुएथ’ या विख्यात रचनेचे फ्रान्समधील पहिले वादन तिनेच केले. चोवीस वर्षांच्या आतच ती फ्रान्समधील अग्रगण्य गिटारवादक झाली होती.

अलेक्सांद्र लागोया हा तिच्याहून पाच वर्षांनी लहान. त्याचा जन्म २९ जून १९२९ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरी एका ग्रीक-इटालियन कुटुंबात झाला. तरुणपणी तो पॅरिसला आला, आणि तेथील गिटारप्रेमींच्या मंडळात त्याची व प्रेस्तीची गाठ पडली. १९५२ साली दोघांचा विवाह झाला. प्रेस्तीचा हा दुसरा विवाह होता व पहिल्या विवाहापासून तिला एक मुलगीही होती. वयाने मोठी, कीर्तीने तर फारच मोठी अशी पत्नी, आणि नुकताच उदयास येत असलेला पती, असा हा जोडा होता. अशा संसारास दोन धोके संभवतात. पत्नीच्या तेजापुढे पती कायमचा साथीदार बनून जावा, हा एक. किंवा पतीचे मन राखण्यासाठी पत्नीने हळूहळू आपला आवाज लहान करीत न्यावा, हा दुसरा. या दोघांनी तिसरी वाट काढली. दोघांनीही स्वतंत्र वादन जवळजवळ बाजूला ठेवले आणि आपले सारे सामर्थ्य एका जोडीस वाहिले.

ही वाट प्रत्यक्षात कशी आखली गेली, हे त्यांच्या तंत्रातून कळते. बहुतेक गिटारवादक उजव्या हाताच्या नखाच्या डाव्या कडेने तार छेडतात. प्रेस्ती व लागोया उजव्या कडेने छेडीत. हात धरण्याची रीत एक, नखाची कड एक, म्हणून दोघांच्या स्वराचा रंगही एक. डोळे मिटून ऐकणाऱ्यास आता कोण वाजवीत आहे हे ओळखणे अवघड जावे, इतके ते साम्य होते. स्वरांचे कंपन साधण्यासाठी एकाच तारेवर डाव्या हाताचे बोट नाचविण्याऐवजी ते शेजारशेजारच्या दोन तारांवर दोन स्वर धरीत आणि उजव्या हाताच्या बोटांनी त्या आळीपाळीने वेगाने छेडीत; त्यामुळे ते कंपन घंटेच्या किणकिणीसारखे स्वच्छ उमटे. एका गिटारीने आरंभलेली सुरावट मध्येच दुसरी उचलून घेई, आणि सांधा कोठे आहे हे कळत नसे. पहिली गिटार व दुसरी गिटार ही नावे कागदावर राहिली. कानाला ती एकच वाटू लागली. बाखसारख्या जुन्या रचनाकारांच्या कित्येक कृतींची दोन गिटारींसाठी त्यांनी रूपांतरे वाजविली. प्रेस्तीने स्वतःही दोन गिटारींसाठी रचना केल्या.

रचनाकारांनाही या बरोबरीची चाहूल लागली. फ्रान्सच्या आंद्रे जोलिव्हे याने १९५६ साली त्यांच्यासाठी दोन गिटारींची एक रचना लिहिली. रोद्रिगोनेही लिहिले. परंतु या बाबतीत सर्वांत बोलका दाखला मारिओ कास्तेल्नुओव्हो-तेदेस्को याचा होय. इटलीतील ज्यूविरोधी कायद्यांमुळे १९३९ मध्ये देश सोडून हा रचनाकार अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थायिक झाला होता. १९६२ साली त्याने प्रेस्ती-लागोया यांच्यासाठी बाखच्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्या धर्तीवर चोवीस प्रास्ताविके व चोवीस फ्यूग यांचा संच लिहिला. फ्यूग या प्रकारात एक आवाज एक छोटी कल्पना मांडतो. दुसरा आवाज तीच कल्पना निराळ्या स्वरावरून परत म्हणतो, आणि तोवर पहिला गप्प न बसता तिच्याशी बोलत राहतो. यात साथीदार नावाचा प्राणीच नाही. प्रत्येकाला बोलण्याची व ऐकण्याची पाळी आहे. एका दाम्पत्यासाठी रचनाकाराने नेमका हाच प्रकार, आणि तोही चोवीस वेळा, निवडावा, यातच त्यांच्या वादनाचे मर्म त्याने ओळखले होते असे म्हणावयास हरकत नाही.

या बरोबरीचे मोल काय पडले, हेही सांगितले पाहिजे. लहानपणच्या त्या ध्वनिमुद्रिका सोडल्या तर प्रेस्तीचे एकटीचे वादन फारच थोडे शिल्लक राहिले आहे. एका अलौकिक एकल वादिकेस जग मुकले, अशी खंत कित्येक जाणकार व्यक्त करतात, आणि ती निराधार नाही. पण तिचा आवाज या जोडीत बुडाला असे म्हणता येणार नाही, कारण तिच्या जोडीदारानेही तितकेच सोडले होते. त्याग एकाच बाजूने झाला म्हणजे त्याचे ओझे होते; दोहों बाजूंनी झाला म्हणजे त्यास करार म्हणता येते.

त्या कराराचा शेवट अनपेक्षितपणे झाला. २४ एप्रिल १९६७ रोजी अमेरिकेच्या दौऱ्यावर असता न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे प्रेस्तीचे एकाएकी निधन झाले. तेव्हा तिला त्रेचाळीसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते. लागोयाने त्यानंतर कित्येक वर्षे जाहीर वादन केले नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय संगीतविद्यालयात १९६९ पासून तो गिटार शिकवू लागला, आणि पुढे यथावकाश एकटा रंगमंचावर परतला. १९९९ मध्ये त्याचे निधन झाले. रोद्रिगोने या जोडीसाठी १९६६ मध्ये दोन गिटारी व वाद्यवृंद यांची एक मोठी रचना लिहून ठेवली होती. ती वाजविण्याचे प्रेस्तीच्या नशिबी नव्हते. १९७० साली लॉस एंजेलिस येथे तिचे पहिले वादन झाले तेव्हा पेपे व आंहेल रोमेरो हे दोघे सख्खे भाऊ गिटारी घेऊन बसले होते. एका संसारासाठी शिवलेले वस्त्र दुसऱ्या नात्याच्या अंगास बसले. कारण ते मापाने दोघांचे होते, एकट्याचे नव्हते.

आपल्याकडे दोन गिटारींच्या दाम्पत्याची अशी परंपरा नाही. परंतु प्रश्न तोच आहे, आणि त्याची उत्तरे निरनिराळी मिळाली आहेत. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची कन्या अन्नपूर्णादेवी यांचा विवाह १९४१ साली रविशंकर यांच्याशी झाला. सुरबहार व सतार यांचे त्या दोघांचे सहवादन ज्यांनी ऐकले त्यांनी ते विसरले नाही. पण पुढे अन्नपूर्णादेवींनी जाहीर वादन कायमचे थांबविले. २०१८ साली निधन होईपर्यंत मुंबईतील घराच्या चार भिंतींआड त्या शिष्य घडवीत राहिल्या. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे कलावंत त्यांच्यापाशी शिकले. ज्ञान शिष्यांतून वाहत राहिले, मात्र रंगमंचावरील ती जोडी उरली नाही.

सातपुडा ओलांडून खानदेशातून माळव्यात उतरले की देवास लागते. तेथे कुमार गंधर्व व वसुंधरा कोमकली यांच्या घरी निराळे उत्तर मिळाले. कुमारांच्या पहिल्या पत्नी भानुमती यांनी क्षयाच्या दीर्घ आजारात त्यांची शुश्रूषा केली होती. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुढील वर्षी कुमारांचा विवाह वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी झाला. वसुंधराताई मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकलेल्या आणि पुढे कुमारांच्याच शिष्या झालेल्या. म्हणजे येथे सोरच्या रचनेतील गुरू व शिष्य एकाच घरात नांदू लागले. अनेक वर्षे त्या तंबोरा घेऊन कुमारांच्या मागे बसल्या व त्यांच्या स्वरात स्वर मिसळीत राहिल्या. कबीराच्या निर्गुणी भजनांत मात्र हे मागेपुढे पुसले गेले. त्या ध्वनिमुद्रणांत दोन आवाज एकमेकांना वाट देत पुढे जातात. १९९२ मध्ये कुमार गेल्यानंतर वसुंधराताईंनी स्वतंत्र मैफली केल्या, शिष्य तयार केले, आणि २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पतीच्या सावलीत जे वाढत होते ते त्यांचे स्वतःचे होते, हे सावली सरल्यावर पुष्कळांच्या ध्यानात आले. ते आधीच ध्यानात यावयास हवे होते, हा दोष ऐकणाऱ्यांचा.

खानदेशास संगीत परके नाही. बालगंधर्वांनी लहानपणी गाण्याचे पाठ जळगावास मेहबूबखाँ यांच्याजवळ घेतले होते, आणि त्यांच्या नावाचा संगीतमहोत्सव जळगावात भरतो. जळगाव-धुळ्याच्या घरांतून आज मुले गिटार शिकतात, मुली शिकतात. पेटी, सतार, व्हायोलिनही शिकतात. मुलगी लग्नाच्या वयाची झाली म्हणजे तिचे वाद्य कापडात गुंडाळून माळ्यावर जाते, हा प्रकार मात्र अजून सर्वस्वी नाहीसा झालेला नाही. नव्या घरात वेळ नाही, जागा नाही, आणि कोणी ऐकावयास नाही, ही त्याची नेहमीची कारणे. यांपैकी पहिली दोन खरी असतात. तिसरे मात्र त्या घरातील माणसांच्या हातचे असते.

जोडीने वाजविणारे दाम्पत्य पुढे कधी ऐकण्यात आले तर श्रोत्याने तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. सुरावट एकाच्याच हाती राहते की हस्तांतर होते, हे पहिले. एक वाजवीत असता दुसरा नुसता थांबतो की ऐकतो, हे दुसरे. कारण ऐकणाऱ्याचा पुढचा स्वर निराळाच निघतो. आणि तिसरे म्हणजे, दोहोंपैकी एक वाद्य एकाएकी बंद पडले, तर उरलेल्यात संगीत अपुरे वाटते की नुसते लहान होते? लहान झाले तर दुसरा साथीदार होता असे समजावे. अपुरे वाटले तर ती जोडी होती.